हिमलोट आणि दैव

इंग्रजी काव्याचा अभ्यास करणाऱ्या आमच्याकडील विद्यार्थ्याची हिमलोटाशीं पहिली गांठ बहुधा बायरनच्या ‘मॅन्फ्रेड’ नाटकांत पडते. युंगफ्राऊ शिखराच्या कड्यावर उभा असलेला, स्वतःच्या पापाच्या स्मरणानें पोळलेला नायक कोसळणाऱ्या हिमलोटांस हाक मारतो आणि मला चिरडून टाका म्हणून विनवितो. लोट त्याचें ऐकत नाहींत. ज्यांना जगावयाचें आहे अशा कोवळ्या झाडांवर आणि निरुपद्रवी खेडुतांच्या झोपड्यांवर ते जाऊन पडतात, अशी त्याची तक्रार आहे. नाटक १८१७ मध्यें प्रसिद्ध झालें. आदल्या वर्षाच्या सप्टेंबरांत बायरन त्याच डोंगरांत हिंडला होता आणि लोटांचा गडगडाट त्यानें स्वतःच्या कानांनीं ऐकला होता. आम्हीं हें नाटक पुष्कळ वर्षें शिकविलें. या स्थळीं येतांच हिमलोट म्हणजे काय, असें कोणी तरी विचारीत असे. आणि डोंगरावरून बर्फाची रास कोसळते, असें सांगून आम्ही पुढें जात असूं. उत्तर चुकीचें नव्हतें. पण त्या उत्तरांत आम्हीं नकळत बायरनची बाजू घेतली होती असें आतां वाटतें. रास ‘कोसळते’ म्हटलें कीं कोसळविणारा कोणी उरत नाहीं.

बायरनच्या पिढीस हिमलोट दिसला तो असाच, वरून येणारा. टर्नरचें १८१० मधील हिमलोटाचें चित्र लंडनच्या टेट संग्रहालयांत आहे. ग्रिझन्स प्रांतांतील एका लहानशा घरावर हिमाबरोबर एक अजस्र शिळा येऊन आदळत आहे, आकाश काळवंडलें आहे, आणि चित्रांत माणूस कोठेंच नाहीं. चित्र थोर आहे यांत शंका नाहीं. पण त्यांतील सारा आवेश आकाशाचा आणि पर्वताचा आहे. माणसाच्या वाट्यास फक्त तें चिरडलें जाणारें घर आलें आहे.

शेलेची गोष्ट थोडी निराळी. ‘प्रोमीथियस अनबाउंड’ या त्याच्या १८२० सालच्या नाट्यकाव्याच्या दुसऱ्या अंकांत आशिया ही सूर्यानें जागविलेला हिमलोट कोसळतांना ऐकते, आणि त्यावरून तिला एक उपमा सुचते. वादळांनीं वारंवार चाळलेलें हिम जसें कणाकणानें सांचत जातें, तसे बंडखोर मनांत विचारावर विचार सांचतात; शेवटीं एखादें मोठें सत्य सुटतें आणि राष्ट्रें मुळापासून हादरतात. उपमेचा रोख राजकीय आहे हें उघड आहे, आणि शिक्षक तेवढाच सांगतात. आम्हांस कौतुक वाटतें तें उपमानाचें. लोट पडण्याच्या क्षणाकडे सारेच कवि पाहतात. लोट सांचण्याच्या काळाकडे पाहणारा आमच्या वाचनांत हाच एक आला. ज्ञानाच्या दृष्टीनें तो आपल्या समकालीनांच्या शंभर वर्षें पुढें होता म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. मात्र त्याच्याहि चित्रांत लोट जागा करणारा सूर्यच आहे.

येथें शब्दांविषयीं थोडें बोलणें भाग आहे. मराठींत या घटनेस हिमलोट, हिमप्रपात, हिमस्खलन असे शब्द वापरतात. लोट म्हटलें कीं धुळीचा, धुराचा किंवा पाण्याचा लोट डोळ्यांपुढें येतो. प्रपात म्हटलें कीं धबधबा. सुटें, भुसभुशीत हिम एका बिंदूपासून सुरू होऊन पसरत खालीं येतें अशा प्रकारास हे शब्द शोभतात. पण माणसें मरतात तीं बहुतेक या प्रकारांत नव्हे. जो हिमलोट माणसें मारतो तो आरंभीं लोट नसतोच. ती लादी असते. बर्फाची लादी हा शब्द आपल्या घरांत लहान मुलासहि ठाऊक आहे. गोणपाटांत गुंडाळलेली, लाकडाच्या भुशानें माखलेली ती लादी हातगाडीवरून घरीं येई, त्या काळची आठवण असणारे वाचक अजून असतील. तोच शब्द येथें हवा. एखाद्या क्रिकेटच्या मैदानाएवढी, कधीं त्याहूनहि मोठी, हात-दीड हात जाडीची हिमाची लादी डोंगराच्या उतारावर पसरली आहे, आणि तिच्या खालचा आधार पोकळ आहे, असें चित्र वाचकानें मनाशीं धरावें.

हा आधार पोकळ होतो कसा, हें समजून घेण्याजोगें आहे. हिंवाळ्यांत डोंगरावर पडणारें हिम एकजीव नसतें. प्रत्येक वादळ आपला एक थर टाकून जातें. त्यावर वारा, ऊन आणि थंडी यांची क्रिया होते, आणि मग पुढचें वादळ दुसरा थर टाकतें. फावड्यानें उभा छेद घेऊन पाहिल्यास त्या साऱ्या हिंवाळ्याची बखर तेथें वाचावयास मिळते. जमिनीलगतचें हिम बहुधा शून्य अंशाच्या आसपास असतें, आणि वरचा पृष्ठभाग थंड हवेनें त्याहून कितीतरी गार झालेला असतो. हिमाचा सांठा पातळ असला कीं हा फरक थोडक्या अंतरांत सामावावा लागतो. दर दहा सेंटिमीटरांस एक अंशाहून अधिक फरक पडूं लागला म्हणजे खालचें बाष्प वर चढूं लागतें, कणाकणांतले सांधे झिजतात, आणि त्यांचे सुटे, कोनदार दाणे बनतात. मुठींत घेतले तर जाड्या साखरेसारखे ते बोटांतून गळतात; त्यांचा गोळा वळत नाहीं. म्हणून थोड्या हिमाचा आणि कोरड्या थंडीचा हिंवाळा भरघोस हिमाच्या हिंवाळ्याहून कित्येकदां अधिक घातक ठरतो. सपाटीवर राहणाऱ्या माणसास ही गोष्ट प्रथम उलटीच वाटते.

दुसरा प्रकार याहून विलक्षण आहे. निरभ्र, निवांत रात्रीं हिमाचा पृष्ठभाग आपली उष्णता आकाशांत सोडून देतो, आणि हवेंतील बाष्प त्यावर पिसांसारख्या पातळ स्फटिकांच्या रूपानें जमतें. आपल्या शेतांत पहांटे दंव पडतें, त्याचेंच हें गोठलेलें भावंड. सकाळच्या उन्हांत सारा उतार असा कांहीं चकाकतो कीं पाहणाऱ्यानें हातांतलें काम टाकून उभें राहावें. मग चार दिवसांनीं ढग येतात, वर दोन-अडीच फूट हिम पडतें, आणि तीं पिसें त्याखालीं जशींच्या तशीं गाडलीं जातात. वरून त्यांचा मागमूसहि लागत नाहीं. वरचें हिम हळुहळू बसून व वाऱ्यानें दडपून त्याची लादी होते. असा उतार दिवसच्या दिवस, कधीं आठवडेच्या आठवडे, स्वस्थ पडून राहतो. मग त्यावर एक माणूस येतो. त्याच्या भारानें एका ठिकाणीं पिसें मोडतात, ती मोड शेजारीं आणि त्याच्या शेजारीं पसरत जाते, आणि डोळ्याचें पातें लवतें न लवतें तों साऱ्या लादीखालचा आधार नाहींसा होऊन ती कांचेसारखी तडकते. तडा बहुधा त्या माणसाच्या वरच्या अंगास जातो. म्हणजे तो लादीच्या कडेला नसतो, मधोमध उभा असतो. यासाठीं सरळ तुटलेला कडाच हवा असेंहि नाहीं. तीस ते पंचेचाळीस अंशांचा उतार या कामीं सर्वांत सोईचा; आणि आपल्या घरांतील जिन्याचा चढ साधारण तीस-पस्तीस अंशांचा असतो.

मोठ्यानें ओरडल्यानें हिमलोट सुटतो अशी समजूत गोष्टींतून आणि चित्रपटांतून दृढ झाली आहे. तींत तथ्य नाहीं. माणसाच्या आवाजाचा दाब लादी मोडण्यास फार अपुरा पडतो. ही समजूत इतकी लोकप्रिय कां व्हावी, याचा मात्र विचार करावासा वाटतो. आवाज हा अपराध नव्हे. ओरडणारा अजाणपणें ओरडतो, आणि देव रागावतो. पाऊल टाकणाऱ्यास ही सबब नाहीं. मौजेसाठीं डोंगरांत जाऊन जे हिमलोटांत मरतात, त्यांतील दहांपैकीं सुमारें नऊ जणांच्या बाबतींत तो लोट त्यांनीं स्वतः किंवा त्यांच्याच सोबत्यानें सोडविलेला असतो, असा अमेरिका व युरोप येथील अपघातांच्या नोंदींचा निष्कर्ष आहे. बायरनच्या नायकानें लोटांस हाक मारण्याची कांहीं गरज नव्हती. दोन पावलें उतरून लादीवर उभें राहिला असता तर काम झालें असतें.

हें ज्ञान विसाव्या शतकांतलें. स्वित्झर्लंडांत डाव्होसच्या वर वाइसफ्लूयोख येथें १९३६ च्या हिंवाळ्यापासून हिमाचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला, आणि त्याच वर्षीं जेराल्ड सेलिग्मन या इंग्रज गृहस्थाचा हिमाच्या घडणीवरील ग्रंथहि निघाला. तेथून पुढें या विषयावर सामान्य वाचकांसाठीं लिहिलेल्या पुस्तकांचीं नुसतीं नांवें ओळीनें वाचलीं तरी एक इतिहास हातीं लागतो. कॉलिन फ्रेझरनें १९६६ मध्यें आपल्या पुस्तकास ‘हिमलोटाचें कोडें’ या अर्थाचें नांव दिलें. अमेरिकेंत युटा संस्थानांतील आल्टा येथें हिमलोटांच्या बंदोबस्ताचें काम केलेल्या माँटी ॲटवॉटरनें १९६८ मध्यें ‘हिमलोटांचे शिकारी’ असें म्हटलें. कोडें जाऊन श्वापद आलें. आणि युटांतल्याच ब्रूस ट्रेंपरनें २००१ मध्यें जें पुस्तक लिहिलें, त्याच्या नांवाचा अर्थ ‘हिमलोटांच्या प्रदेशांत जिवंत राहणें’ असा आहे. क्रियापद लोटाकडून माणसाकडे आलें. पुस्तकें म्हणून तिघांचीहि योग्यता सारखी नाहीं. ॲटवॉटर गोष्टीवेल्हाळ आहे आणि आपल्या तोफांच्या व सुरुंगांच्या हकीकतींत रमतो. ट्रेंपरची भाषा साधी, क्वचित् वर्गांत उभें राहून बोलल्यासारखी. पण माणूस स्वतःस कसा फसवितो या विषयावर तो जें लिहितो, तें आम्हांस कित्येक मानसशास्त्रीय कादंबऱ्यांहून सरस वाटलें.

आतां मूळ प्रश्नाकडे येतों. शोकांतिका कोणती आणि नुसता अपघात कोणता, हा भेद आम्ही ॲरिस्टॉटलच्या आधारें विद्यार्थ्यांस शिकवीत आलों. योगायोगानें घडलेलें मरण दुःखद खरें, पण त्यांत नाट्य नाहीं. पात्राच्या हातून घडलेल्या प्रमादांतून जें उद्भवतें तेंच शोकपर्यवसायी नाट्याचें बीज. याच ग्रंथांत आर्गोस येथील मिटिसच्या पुतळ्याचें उदाहरण आहे. मिटिसच्या मृत्यूस जो कारण झाला, त्याच्याच अंगावर तो पुतळा पडला आणि तो मेला. आणि अशा गोष्टी निव्वळ योगायोग वाटत नाहींत, असें ॲरिस्टॉटल म्हणतो. हिमलोटास आम्ही आजवर पुतळ्याच्या रांगेंत बसवीत होतों, म्हणजे पडला तर योगायोग, फार तर दैवी संकेत. पण पुतळ्याखालीं उभ्या राहणाऱ्या माणसानें स्वतःच तो हलविला असेल तर? आणि तो हलूं शकतो हें त्यास ठाऊक असेल तर?

या प्रश्नाचें उत्तर ज्या एका कृतींत आम्हांस सांपडलें, तिच्याविषयीं लिहावें म्हणूनच हा लेख हातीं घेतला. जॉन ब्रँच या वृत्तलेखकाचा ‘स्नो फॉल’ हा दीर्घ वृत्तांत न्यूयॉर्क टाइम्सनें डिसेंबर २०१२ मध्यें सहा भागांत प्रसिद्ध केला, आणि पुढच्या वर्षीं त्यास पुलित्झर पारितोषिक मिळालें. विषय असा : १९ फेब्रुवारी २०१२ रोजीं वॉशिंग्टन संस्थानांतील कॅस्केड पर्वतांत, स्टीव्हन्स पास या ठिकाणाजवळ, सोळा स्कीपटूंची एक मंडळी टनेल क्रीक नांवाच्या उतारावर गेली. हा उतार स्कीच्या राखलेल्या मैदानाच्या हद्दीबाहेर आहे. हद्दीच्या आंत पहारेकरी असतात, सकाळीं स्फोटकें उडवून धोक्याचे उतार मोकळे केलेले असतात. हद्दीबाहेर डोंगर आणि आपण. मंडळींत नवखे जवळजवळ नव्हतेच. व्यवसायानें स्कीपटु असलेले होते, या खेळावर लिहिणारे होते, आणि त्या उताराची खडान्‌खडा माहिती असलेले स्थानिकहि होते. लादी सुटली तेव्हां तिची जाडी माणसाच्या कमरेइतकीहि नव्हती. तिघे मेले. लोटांत सांपडलेली एक बाई पाठीवरच्या हवेच्या पिशवीमुळें पृष्ठभागाजवळ राहिली आणि वांचली.

ब्रँचनें आरंभ केला आहे तो याच बाईवर लोट येऊन आदळतो त्या क्षणापासून. आम्हांस हा आरंभ पटला नाहीं. तो प्रभावी आहे, वाचकास खेंचून घेतो, हें सारें कबूल. पण त्यायोगें हिमलोट पुन्हा एकदां झाडींतून अवचित झडप घालणारें भूत होऊन बसतो, आणि पुढील पांच भागांत लेखकास तेंच भूत उतरवावें लागतें. मूळ प्रकाशनांत पडद्यावर हलणारें हिम, फिरणारे नकाशे आणि बोलणारीं माणसें मजकुराच्या मध्यें मध्यें पेरलेलीं आहेत. या सजावटीचा त्या वेळीं मोठा बोलबाला झाला. कित्येकांनीं या कृतीची वाखाणणी केली ती केवळ तेवढ्यासाठीं. आम्हीं ती एकदां सजावटीसह वाचली आणि एकदां नुसता मजकूर छापून वाचली. दुसऱ्या वाचनांत ती अधिक लागली.

लागली ती दोन स्थळांमुळें. पहिलें स्थळ हिमाच्या पूर्वचरित्राचें. फेब्रुवारीच्या आरंभीं निरभ्र दिवस आले, पृष्ठभागावर नाजुक स्फटिक धरले, मग वादळानें त्यांवर जाड हिम टाकलें, ही हकीकत ब्रँच अगदीं शांतपणें सांगतो. त्या दिवसांत मंडळींतील कोणीहि कोठें चाललें आहे याचा विचारसुद्धां केलेला नाहीं. शेलेच्या उपमेंतलें सांचणें येथें गद्यांत, तारीखवार आलें आहे. मनुष्य आपल्या घरीं जेवत आहे, मित्राशीं बोलत आहे, आणि दूर एका उतारावर रात्रभर पिसें उगवत आहेत. एखाद्या नाटककारानें हा विरोध रचला असता तर आम्हीं त्यास ओढाताणीचा म्हटलें असतें.

दुसरें स्थळ मौनाचें. मंडळी फार मोठी झाली आहे, इतक्या जणांनीं एकदम या उतारावर येऊं नये, आजचा दिवस बरा नव्हे, असें त्यांतील कित्येकांच्या मनांत येऊन गेलें होतें. त्या दिवशींच्या धोक्याची सूचनाहि कित्येकांस ठाऊक होती. कोणी बोललें नाहीं. कोणास वाटलें, एवढे जाणते पुढें आहेत, मीं काय सांगावें. कोणास आमंत्रणाचा मान वाटत होता. कोणी मनांतल्या मनांत आपली वाट थोडी बाजूनें धरण्याचें ठरविलें. ब्रँच या प्रत्येकाकडे जातो, त्याचें म्हणणें ऐकतो, आणि दुसऱ्याच्या म्हणण्याशेजारीं तें ठेवतो. सोळा माणसें एका डोंगरमाथ्यावर उभीं आहेत आणि प्रत्येकाजवळ एकच शंका आहे, पण ती प्रत्येकास आपल्या एकट्याची वाटत आहे. आम्हांस येथें आपल्या घरांतील बैठकींची आठवण झाली. मुलीच्या लग्नाची बोलणी चालतात, सर्वांस स्थळ खटकतें, वडीलधाऱ्यांसमोर बोलणार कोण म्हणून सारे गप्प बसतात, आणि पुढें वर्षानुवर्षें प्रत्येक जण म्हणतो कीं, मला तेव्हांच वाटलें होतें.

गाडल्या गेलेल्या माणसास पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलें तर बहुधा तो वांचतो; अर्धा तास उलटला कीं वांचणारे मोजकेच. थांबलेलें हिम घट्ट बसतें, हात हलविण्यासहि जागा राहत नाहीं. खालून मदत येईपर्यंत ही घटका निघून जाते, म्हणून खणावयाचें तें सोबत्यांनींच. जे मघाशीं वर बोलले नाहींत तेच आतां खालीं फावडीं घेऊन खणीत होते. ब्रँचनें हा विरोध बोलून दाखविलेला नाहीं, हें त्याचें औचित्य.

त्याच्या कथेस शास्त्राचाहि पाठिंबा आहे. इयन मॅक्कॅमन या संशोधकानें १९७२ ते २००३ या काळांतील अमेरिकेंतले ७१५ अपघात तपासून असें दाखविलें कीं, बळी पडलेल्यांपैकीं पुष्कळांस हिमलोटांचें शिक्षण मिळालेलें होतें आणि धोक्याच्या खुणाहि समोर होत्या. त्यांस दगा दिला तो रोजच्या जीवनांत उपयोगी पडणाऱ्या आडाख्यांनीं. ओळखीची जागा, इतरांची मर्जी, एकदां ठरविलेलें न सोडण्याची संवय, जाणत्याचें वलय, कोवळ्या हिमावर पहिला माग आपला उमटावा ही हांव, आणि इतर करतात म्हणून आपण करणें. यांतील एकहि गोष्ट दुर्गुण नव्हे. संसार याच आडाख्यांवर चालतो. ॲरिस्टॉटलनें ज्यास प्रमाद म्हटलें तो दुष्टाव्यांतून येत नाहीं, भल्या माणसाच्या भल्या वृत्तींतूनहि येतो, हें आम्ही वर्गांत सांगत होतों. त्याचीं सातशें उदाहरणें कोणी मोजून ठेवलीं असतील याची आम्हांस कल्पना नव्हती.

मात्र येथेंच आमचें मन अडखळतें. असा वृत्तांत वाचणाऱ्यास शेवट आधींच ठाऊक असतो. त्या प्रकाशांत प्रत्येक मौन अपराधासारखें दिसूं लागतें, आणि वाचक खुर्चींत बसल्या बसल्या न्यायाधीश होतो. आम्हीहि झालों. पहिल्या वाचनाच्या वेळीं, ‘अरे, बोला कीं कोणी तरी!’ असें आमच्या तोंडून मोठ्यानें निघून गेलें. पण त्याच उतारावर त्याच माणसांपैकीं कित्येक जण पूर्वी अनेकदां सुखरूप उतरले होते. हिम बहुतेक दिवस स्थिर असतें, म्हणून चुकीचा निर्णयहि बहुतेक दिवस खपून जातो. आणि खपून गेलेल्या निर्णयास माणूस आपलें कौशल्य समजतो. ट्रेंपरनें हा मुद्दा फार चांगला मांडला आहे. बुद्धिबळांत चूक केली तर प्रतिपक्षी ती तेव्हांच दाखवून देतो. डोंगर एकोणीस वेळां शाबासकी देतो, आणि विसाव्या वेळीं ती परत घेतो. अशा गुरूच्या हाताखालीं शिकलेल्या माणसांना दोष द्यावयाचा तर किती? ब्रँच हा प्रश्न विचारीत नाहीं. त्या मंडळींच्या आधींच्या सुखरूप दिवसांस त्यानें आणखी चार पानें दिलीं असतीं, तर त्याची कथा थोडी कमी थरारक आणि पुष्कळ अधिक न्यायी झाली असती. सोफोक्लिसच्या ईडिपसला निदान देववाणीनें आधींच बजावलें होतें.

आपल्याकडे या घटनांविषयीं लिहिण्याची रीत याच्या उलट टोंकाची आहे. ४ ऑक्टोबर २०२२ रोजीं गढवालांतील द्रौपदी का दांडा या शिखरावर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची शिकाऊ तुकडी हिमलोटांत सांपडली आणि एकोणतीस जण गेले. त्या अपघाताची चिकित्सा करण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. पण अशा प्रत्येक वेळीं आपलीं वृत्तपत्रें जे शब्द काढतात ते ठरलेले असतात : काळाचा घाला, निसर्गाचा कोप, क्रूर नियति. हिम केव्हां पडलें, वारा कोणत्या बाजूनें होता, उतार किती अंशांचा होता, यांतलें एक अक्षर नाहीं. ही भाषा दयाळू आहे, मृतांस बोल लावीत नाहीं. पण ती पुढच्यास कांहींच सांगत नाहीं. सियाचीनवरील सैनिकांची गोष्ट अर्थात् वेगळी. फेब्रुवारी २०१६ मध्यें तेथें ठाण्यावर बर्फ कोसळून दहा जवान मृत्यु पावले. ते तेथें आज्ञेनें उभे होते, आणि तेथें कां उभे राहिलां, असा प्रश्न त्यांस विचारणें हा असभ्यपणा होईल. सर्वांस एकच ‘काळाचा घाला’ लावून आपण हा भेदहि पुसून टाकतों.

आम्हांस वाटतें, या दोन्ही टोंकांच्या मधली दृष्टि आपल्या परंपरेंत आहे, ती आपण वापरीत नाहीं एवढेंच. गीतेच्या अठराव्या अध्यायांत कोणत्याहि कर्माचीं पांच कारणें सांगितलीं आहेत : अधिष्ठान, कर्ता, निरनिराळीं साधनें, विविध चेष्टा, आणि पांचवें दैव. भाष्यकार अधिष्ठानाचा अर्थ शरीर असा घेतात. आम्हीं तो क्षणभर उतार असा घेतला तर त्यांनीं रागावूं नये. उतार आणि त्यावरील थर. त्यावर येणारा माणूस. त्याची साधनें, म्हणजे स्की, फावडें, हवेची पिशवी. त्याची प्रत्येक हालचाल, बोलणें आणि न बोलणें. आणि या चारींचा हिशेब करून झाल्यावर जें उरतें तें दैव. त्याच उतारावरून पहिला उतरतो आणि लादी मोडत नाहीं, चौथा उतरतो आणि मोडते, यांत दैव आहेच. पण त्याचा क्रमांक पांचवा आहे. आपलीं वृत्तपत्रें त्यास पहिला मान देतात, आणि ब्रँचच्या कथेंत त्यास बसावयास पाटहि मांडलेला नाहीं.

शेवटीं एका शब्दाची अडचण वाचकांपुढें ठेवतों. या विषयांत ज्यास खरें राष्ट्रीय गद्य म्हणावें असें वाङ्मय म्हणजे हिंवाळ्यांत पहाडी देशांतून रोज निघणारीं धोक्याचीं पत्रकें. युरोपांत १९९३ पासून त्यांत धोक्याच्या पांच पायऱ्या ठरल्या आहेत. पहिल्या दोहोंस आपण अल्प आणि मध्यम म्हणूं. चौथीस मोठा आणि पांचवीस अतिशय मोठा. तिसऱ्या पायरीस इंग्रजी पत्रकांत ‘कन्सिडरेबल’ असा शब्द आहे. पांचांतली तिसरी म्हणून लोक तिला मधली समजतात आणि घराबाहेर पडतात; चौथ्या व पांचव्या पायरीला घरींच राहतात. मृत्यूंचा सर्वांत मोठा वांटा या तिसऱ्या पायरीच्या दिवसांवर पडतो. हिमालयांतील आपल्या डोंगरवाटांसाठीं अशीं पत्रकें उद्यां मराठींत करावयाचीं झालीं, तर या शब्दास काय म्हणावें? ‘बराच’ म्हटलें तर तो फार सैल पडतो, ‘लक्षणीय’ हा कचेरींतला, आणि ‘पुष्कळ’ चौथ्या पायरीवर चढून बसतो. आम्हीं कोश उघडून मूळ क्रियापद पाहिलें. त्याचा अर्थ विचार करणें असा आहे. तेव्हां ‘विचारार्ह’ असा शब्द आम्ही तूर्त सुचवितों. कानाला तो जरा जड लागतो हें आम्हांस मान्य आहे. कोणा वाचकास याहून सोपा सुचल्यास त्यानें अवश्य कळवावा.